हिरव्याची माफी

न्यूकॅसल, न्यू साउथ वेल्स
९ मार्च १८८८

प्रिय सोलांज,

पाकिटावरचं तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं. 'श्रीमान कॉन्सल महाशय' हे तू एवढं ठळक लिहिलं आहेस, की पोस्टमनने पाकीट देताना टोपी काढली. टोमणा पोचला. अकरा वर्षांपूर्वी सख्ख्या बहिणीला नव्या वर्षाच्या शुभेच्छा म्हणून हुद्दा छापलेलं कार्ड पाठवलं, तेव्हाच ही शिक्षा मी ओढवून घेतली होती. तू गप्प बसलीस आणि मीही हट्टाने गप्प बसलो. आता आधी तू बोललीस, म्हणजे नेहमीप्रमाणे मोठी तूच ठरलीस.

पपा शहात्तर वर्षांचे झाले हे वाचून मी बोटांवर मोजून पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे ते अजून पंचावन्नचेच आहेत, राजाचा झगा घालून विंगेत उभे, तोंडात लवंग. तू लिहितेस की त्यांना आता धड दिसत नाही, पण प्रॉम्प्टरच्या खोपटात अजून तेच बसतात, सगळी नाटकं तोंडपाठ आहेत, आणि एखाद्या नटाने एक शब्द खाल्ला तर खालून शिवी येते आणि ती तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाते. हे वाचून मी इतका मोठ्याने हसलो की शेजारच्या गोदामातला कारकून डोकावून गेला.

आणि त्यांनी माझं नाव काढलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. ते वाक्य मी किती वेळा वाचलं हे तुला सांगत नाही, तू चिडवशील.

तुझी अट मान्य आहे. तू लिहिलं आहेस, 'ये, पण आधी त्यांच्यासमोर उभं राहून हिरव्या पडद्याची माफी माग. नाहीतर दारातूनच परत पाठवीन.' मागतो. हवी तर सगळ्या नाटक कंपनीसमोर मागतो, गुडघे टेकून. हिरवा अपशकुनी, तो रंगमंचावर आणू नये हे आपल्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळतं, आणि मी वीस वर्षांचा घोडा, चार बाहेरची पुस्तकं वाचून शहाणा झालेला, पडदे रंगवायचं काम माझ्याकडे म्हणून मुद्दाम हिरवीगार बाग रंगवली. तिसऱ्या अंकात पपा त्या बागेपुढे उभे राहिले, पायाखालची झडप उघडली, ते खाली कोसळले आणि त्यांचं कंबरडं मोडलं. पुन्हा कधी ते राजा झाले नाहीत. झडप जुनी होती, ते असो. पडदा माझा होता आणि माफी मी मागेन.

सहा महिन्यांच्या रजेचा अर्ज आजच्याच टपालाने पॅरिसला जातोय. मिळाली तर जानेवारीत निघेन.

माझं काय चाललंय विचारतेस. बंदर कोळशाचं आहे. आपली फ्रेंच जहाजं इथं कोळसा भरायला महिना-महिना थांबून राहतात, आणि तेवढ्यात खलाशी भांडतात, पळून जातात, आजारी पडतात, क्वचित लग्नंही करतात. ते सगळं माझ्या टेबलावर येतं. उरलेल्या वेळात चित्रं काढतो. मागल्या वर्षी सिडनीत प्रदर्शन भरलं होतं. एका वर्तमानपत्राने माझ्या 'संयमाची' फार स्तुती केली. इतकी झाडी असलेल्या देशात हा माणूस नुसत्या राखाडी, निळ्या आणि मातकट रंगांवर भागवतो, केवढी ही शिस्त, वगैरे. खरी गोष्ट अशी की माझ्या पेटीत हिरवा रंगच नाही. तेव्हापासून विकत घेतलेला नाही. समीक्षकांना कशाची भुरळ पडेल सांगता येत नाही.

पपांना सांग की मी येतोय.

तुझा
एतिएन

२ मे १८८८

प्रिय सोलांज,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे, पण राहवत नाही. आज तुला आवडेल अशी एक गंमत घडली आहे.

नांतहून आलेलं एक तीन डोलकाठ्यांचं जहाज इथं धक्क्याला आहे. त्याचा आचारी अर्मां परवा बाजारात गेला आणि दोन सोललेले ससे घेऊन आला. इथं ससा बटाट्यापेक्षा स्वस्त. पण जहाजावर तो अपशकुनी, आपल्या खलाशांपुढे तो शब्दसुद्धा काढायचा नसतो, तुला माहीतच आहे, आपल्याकडे रंगमंचावर दोरीचं नाव घेत नाहीत तेही आपण खलाशांकडूनच उचललेलं. फारच वेळ आली तर 'तो लांब कानवाला' म्हणतात. अर्मां पॅरिसच्या खानावळीतून आलेला, पहिल्यांदाच समुद्रावर. त्याने ससे रस्स्यात घातले, सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले, आणि वर हा शहाणा कशाचा रस्सा ते सांगून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिएरिक नावाचा खलाशी जहाजाच्या पोटातल्या कोळशाच्या तळात पडला. वीस फूट खाली. मांडीचं हाड मोडलंय, पण पोरगा जगेल असं डॉक्टर म्हणतात.

आता सगळं जहाज अर्मांवर उठलंय. दोघांनी त्याला धुतला. तो आता माझ्या कचेरीतल्या बाकावर बसलाय, एक डोळा मिटलेला, आणि मला विचारतोय की कोंबडी चालते का, बदक चालतं का, म्हणजे पुढच्या जहाजावर चूक नको. कप्तान म्हणतो याला इथंच उतरवा, माणसं याच्या हातचं खाणार नाहीत. म्हणजे अर्मां या मुलुखात एकटा, इंग्रजीचा एक शब्द येत नाही.

मी मनसोक्त हसलो, खोटं कशाला बोलू. सगळ्यांच्या जबान्या घेतल्या. अकरा माणसांनी एकच सांगितलं, लांब कानवाला. त्यातल्या नऊ जणांना तळाच्या तोंडावरचं झाकण कुणी लावायचं होतं हे विचारल्यावर काही आठवेना. ते काम दुय्यम अधिकाऱ्याचं. केर्मारेक त्याचं नाव, तीस वर्षांचा, अबोल आणि कामसू. त्याने नोंदवहीत लिहिलंय की झाकण लावलेलं होतं, पण फळी कुजकी निघाली आणि पिएरिकच्या पायाखाली मोडली.

दुपारी मी ती फळी बघायला गेलो. सोलांज, ती फळी चांगली होती. कडेचं लाकूड पिवळंधमक, ताजं. ती पायाखाली मोडलेली नाही. नंतर कुणीतरी कुऱ्हाडीने मोडली आहे.

गंमत सांगायला बसलो आणि भलतीकडेच गेलो. उद्या केर्मारेकला एकट्याला बोलावलंय.

एतिएन

६ मे १८८८

सोलांज,

हे पत्र तू आधी एकटीने वाच.

केर्मारेक आला. टोपी हातात, बूट पुसलेले. मी दार लावून घेतलं. फळी टेबलावर ठेवली होती. मी त्याला काही विचारलं नाही, नुसता त्या कडेवरून अंगठा फिरवत बसलो.

मग तो म्हणाला, "साहेब, सगळेच म्हणतायत की तो लांब कानवाला."

"तुला काय वाटतं?"

"मलाही वाटतं. तो जहाजावर आला नसता तर मी विसरलोच नसतो."

"काय विसरला नसतास?"

तेव्हा त्याचा चेहरा उतरला. घरून पत्र आलं होतं, मुलगी झाली म्हणून. झाकण अर्धं सरकवलं आणि तो पत्र वाचायला खाली गेला. पिएरिक पडल्यावर सगळे धावले, तोही धावला, आणि कुणीतरी ओरडलं की हे त्या आचाऱ्याचं पाप. केर्मारेक मला म्हणाला, "मी काहीच बोललो नाही, साहेब. त्यांनीच सगळं बोलून टाकलं. मला फक्त गप्प राहायचं होतं." फळी त्याने संध्याकाळी मोडली.

मी त्याला काय सांगावं? कॉन्सल म्हणून सांगायचं ते सांगितलं, की नोंद बदल, कप्तानाला स्वतःच्या तोंडाने सांग, शिक्षा होईल ती होईल, पण अर्मांच्या डोक्यावरचा आळ काढ. तो म्हणाला, "तुम्हाला सोपं आहे, साहेब." आणि मी, चाळीस उलटलेला, सरकारी शिक्क्याचा माणूस, त्याच्यासमोर खुर्चीत बसून रडलो. बिचारा घाबरला. पाणी आणून दिलं त्याने मला.

आता ऐक. त्या हिरव्या पडद्याच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी भूत झडपेतून वर यायचं. ते गेलं की खालून झडपेची कडी लावायची. ते काम माझं होतं. त्या दिवशी मी रंगमंचाखाली कंदिलाजवळ कॉन्सलच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन बसलो होतो. पान संपवतो आणि लावतो असं म्हटलं, आणि लावली नाही. पपा माझ्यापासून दोन हातांवर येऊन पडले. त्यांचा मुकुट घरंगळत माझ्या पायाशी आला.

मग सगळे जमले, तूही होतीस, आणि म्हाताऱ्या मादाम फ्लोरिनने वर पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "हिरवा." सगळ्यांनी वर बघितलं. खाली कुणीच बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, तू दवाखान्यात होतीस तेव्हा, मी हातोडीने ती कडी वाकवली, म्हणजे पपांच्या वजनाने वाकली असं वाटावं. म्हणून मला ती फळी ओळखता आली. कॉन्सलच्या हुशारीने नव्हे.

पडद्याबद्दल तू मला शिव्या दिल्यास, अंगणात तो जाळलास, आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. तुला वाटलं पश्चात्ताप. मला सुटल्यासारखं वाटत होतं. हिरवा रंग लावला हा मूर्खपणा होता, त्याने माणूस फार तर गाढव ठरतो. ते मी आनंदाने झालो. सहा आठवड्यांनी पॅरिसला पळालो. कंपनी पंचविसाव्या वर्षी तुझ्या गळ्यात पडली. तूर शहरातला तो औषधवाला लग्नासाठी वर्षभर तुझी वाट बघत थांबला आणि मग थांबला नाही. त्याबद्दल मी आजपर्यंत एक ओळ लिहिली नाही, कारण लिहायला बसलो की मला ती कडी दिसायची.

तू म्हणतेस हिरव्याची माफी माग. ती मागणं फार सोपं आहे. मी आलो असतो, गुडघे टेकले असते, पपांनी डोक्यावर हात ठेवला असता, सगळे रडले असते, आणि तो माझा आयुष्यातला सगळ्यात चांगला वठलेला अभिनय झाला असता. मला पपांना भेटायचं आहे, सोलांज. इतकं मला दुसरं काही नको आहे. पण असं नको.

पपांना सांगायचं की नाही हे मी तुझ्यावर टाकतोय, हाही भेकडपणाच, पण त्यांना वाचता येत नाही आणि वाचून दाखवणारी तूच. तू नको म्हणालीस किंवा उत्तर आलं नाही, तर मी रजेचा अर्ज मागे घेईन आणि पुन्हा त्रास देणार नाही.

एतिएन

१२ सप्टेंबर १८८८

प्रिय सोलांज,

चार महिने. दर टपालाच्या दिवशी मी धक्क्यावर जाऊन उभा राहायचो आणि लोकांना सांगायचो की बोटीचं चित्र काढायला आलोय. कागद मात्र कोराच असायचा.

काल तुझं पत्र आलं. सात पानं. पहिल्या चार पानांवर मला ज्या नावांनी संबोधलं आहेस ती मी इथं परत लिहीत नाही. प्रत्येक वाजवी आहे. 'तू वाकवलेल्या त्या कडीने माझं आयुष्य वाकलं' हे वाक्य मी ठेवून घेतलंय, तू विसरलीस तरी मी विसरणार नाही. औषधवाल्याबद्दल तू लिहिलंस की तो नंतर फार जाडा झाला आणि बायकोशी पैजेने भांडतो, आणि त्यापुढची ओळ खोडली आहेस. ती मी उजेडापुढे धरून वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बरंच झालं.

मग पाचव्या पानावर पपा. तू अकरा दिवस माझं पत्र पोशाखांच्या पेटीत लपवलंस, आणि एका दुपारी बटाटे सोलताना त्यांना सगळं वाचून दाखवलंस, हातोडीसकट. दोन दिवस ते बोलले नाहीत, तालमीतसुद्धा नाही, आणि नट इतके बिथरले की स्वतःचे संवाद विसरले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "म्हणजे ती हिरव्या डोळ्यांची पोरगी चांगली होती." तुला आधी कळेना कुठली. बारा वर्षांपूर्वी काम मागायला आली होती, आवाज घंटेसारखा, आणि पपांनी डोळ्यांच्या रंगावरून परत पाठवली. एकवीस वर्षं ज्या घरात कोशिंबिरीचं हिरवं पानसुद्धा आणू दिलं नाही तिथं त्यांनी कोशिंबीर मागितली आणि वाडगाभर खाल्ली. रागाने खाल्ली असं तू लिहितेस. मला ते डोळ्यांपुढे दिसतं, आणि हसावं की रडावं कळत नाही.

ती मुलगी कुठे आहे ते शोध म्हणाले, ते तू केलंस का? माझ्या गप्प बसण्याने तिचंही काम गेलं. हे मी कधी हिशेबात धरलं नव्हतं.

माझ्याबद्दल मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत. तू लिहितेस, 'हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मीही काही म्हणत नाही. यायचं तर ये, दार उघडेल का ते मला माहीत नाही.'

रजा मंजूर झाली आहे. मी येतोय. १७ एप्रिलला, सकाळी दहाच्या गाडीने. दार उघडलं नाही तर दारातून परत जाईन, आणि तेही मला इथं बसून राहण्यापेक्षा बरं वाटेल.

अर्मांचं विचारलंस म्हणून, तो त्याच जहाजावर परत गेला. केर्मारेकने सगळ्या माणसांसमोर उभं राहून सांगितलं. अधिकारीपद गेलं, साधा खलाशी म्हणून निघाला. जाताना इथं आला होता. म्हणाला, "आता झोप लागते, साहेब. हुद्दा पुन्हा मिळवीन." पिएरिक काठी घेऊन चालायला लागलाय, आणि ससा खायला अजूनही तयार नाही.

एतिएन

सोम्यूर
१७ एप्रिल १८८९, साडेअकरा

सोलांज,

मी तुमच्या घरासमोरच्या कॅफेत बसलोय. गाडी वेळेवर आली. स्टेशनपासून चालत आलो, खोगीरवाल्याच्या दुकानापर्यंत पोचलो, वरच्या तुमच्या खिडक्या बघितल्या, आणि पाय जिन्याकडे वळायच्या ऐवजी इकडे वळले. अकरा हजार मैल आलो आणि शेवटची वीस पावलं जमेनात. दुसरी कॉफी गार झालीय. तेव्हा वेटरकडून कागद मागून घेतला. पत्रातून तुझ्याशी बोलायची सवय झालीय, तोंडावर कसं बोलतात ते विसरलोय.

मला विचारायचं होतं ते एवढंच, की पपांनी काही म्हटलं का. हे पत्र मी या वेटरबरोबर वर पाठवणार आहे. 'येऊ नको' म्हणाले असतील तर उत्तर पाठवू नकोस, खिडकीचा पडदा ओढ. मी समजेन. तीनच्या गाडीने जाईन. रागावणार नाही. तुमच्या गल्लीतल्या त्या चेस्टनटच्या झाडाला पालवी फुटलीय, तेवढी बघून जाईन. काल पॅरिसला रंगांच्या दुकानात गेलो होतो आणि एक नळी घेतलीय, ती कोटाच्या खिशात आहे, पण ते पपांना सांगायची घाई नाही.

खालचं दार उघडलं. तू आहेस. केस किती पांढरे झालेत तुझे. अॅप्रनला हात पुसत तू रस्ता ओलांडतेस, गाडीवाला ओरडतोय आणि तू त्याला उलट सुनावते आहेस. आवाज तसाच आहे.

आता तू माझ्यासमोर उभी आहेस आणि मी मान खाली घालून लिहितोच आहे, कारण वर बघायचं धाडस होत नाही. तू उलट्या बाजूने वाचते आहेस, हेही मला दिसतंय. तू बोलतेस ते तसंच लिहितो.

"दीड तास खिडकीतून बघतेय तुला. पपांनी सात वाजता न्हाव्याला बोलावलं. दहापासून विचारतायत, गाडी आली का. मी म्हटलं, उशीर आहे. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हटलं उशीर आहे. तीनदा खोटं बोलले मी तुझ्यासाठी, एतिएन. अजून किती वेळा बोलायला लावणार आहेस?"

एकदाही नाही. उठतो.